पाणमांजरीचं बारसं

मु. खारबोडण, ता. पेण
८ जानेवारी २०२५

चि. गोदूबायस,
सत्यवतीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, म्हणजे जेवढे खुशाल राहू देतात तेवढे. फोनच केला असता, पण आमच्याकडं फोन माझा नि कान सगळ्या घराचे. म्हणून कागद.

आपल्या तलावाच्या बांधात पाणमांजरीनं बीळ केलंय. आत दोन पिल्लं हायत. पिल्लं गोड, आई महाचोर. अमिषाच्या डोहाळजेवणासाठी राखलेले जिताडे मासे एकेक करून नेते. त्यातही डोकं आधी खाते. चव कळते मेलीला! अमिषाच्या सासूचा निरोप आलाय, पेणला येणार तर जिताडा खाणारच. सुनेचं नाव नुसतं पुढं घातलंय.

तुझे दाजी म्हणतात, बिळात धूर घालू नि बांध चेपून टाकू. मी व्हयच म्हणणार होते. पण परवा बघितलं, ती पिल्लाला मानेला धरून पाण्यात सोडत होती नि ते बोंबलत परत बांधावर चढत होतं. अमिषा लहानपणी न्हाताना करायची अगदी तसं. आबांच्या वेळी खाडीला यांची रांगच्या रांग दिसायची. आता अर्धी खाडी मुरूम टाकून गोदामांखाली गेली, राहिली ही एक. हिला चेपली की संपलं. काय करू ते लिही. तुला विचार करायला वेळ लागतो, म्हणून आधीच सांगते, लागू देऊ नको.

घरच्यांना विचारलं म्हणून सांग. माया पातळ करू नको.
तुझी ताई,
सत्यवती

बोर्ली पंचतन
१७ जानेवारी २०२५

ती. सत्यवतीताईस,
शि. सा. न. वि. वि.
आयुष्यात नवऱ्याला न घाबरलेली बाई एका मांजरीपुढं अडली, हे वाचून फार बरं वाटलं. पोरगी पोटुशी असताना पिल्लांच्या आईवर धूर घालायचा न्हाय, हे तुला ठाऊक हाय. माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं, घे. आणि दाजींना सांग, उधाणाला बांध फुटतो तो बिळानं न्हाय. गाव बांधावर माती टाकायला जातो तेव्हा हे पत्ते कुटत बसतात, त्यानं फुटतो.

तुमचा तो पुढारी गणराज, त्याच्या कानावर घाल. तो वनखात्याला बोलावील, राखण होईल. त्याला तरी दुसरा कामधंदा काय हाय? मासे संपलेच तर विहीणबाईंना सुकटीचं कालवण वाढ. कोकणात सुकटीनं कुणी मेलं न्हाय.

रागासकट आहे तशी माया असू दे.
तुझी,
गोदू

मु. खारबोडण
१९ फेब्रुवारी २०२५

चि. गोदूस,
आशीर्वाद हायत, पण या खेपेला थोडे कमी.

तुझं ऐकून गणराजला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी नाक्यावर बॅनर! त्याचा फोटो दाराएवढा, पाणमांजरीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, नि तोही मुंगसाचा. मी म्हटलं, हे मुंगूस हाय. तर म्हणतो, काकी, लोक चेहरा माझाच बघतात.

मग त्यानं बांधावर पिल्लांचं बारसं घातलं. मांडव, पाळणा, पेढे, डीजे. पाळण्यात प्लॅस्टिकचं मांजर. वनखात्याच्या साहेबांनी माइक धरून सांगितलं की हा प्राणी फार कमी उरलाय, याला शांतता लागते. लोकांनी टाळ्या वाजवल्या नि डीजे परत लावला. पाहुण्यांच्या पंगतीला तुझ्या दाजींनी आपलेच जिताडे काढून दिले, एक सोडून सगळे. पाणमांजरीनं महिनाभरात खाल्ले न्हाय तेवढे तिच्या राखणदारांनी एका पंगतीत संपवले.

सकाळी बीळ रिकामं. एक पिल्लू तिनं नेलं, दुसरं बांधाच्या दगडांत अडकून चीं चीं करत होतं. गणराज सेल्फी काढायला वाकला. मी वल्हं उचललं. तो पळाला, त्याच्या मागं पिल्लावर टपलेली कुत्री पळाली, एकदमच काम झालं. पिल्लाला हात लावला न्हाय, माणसाचा वास लागला तर आई घेईल न घेईल. पेंढ्याच्या आडोशाला बसून राहिले. तुझे दाजी जेवायला कोण वाढणार म्हणून विचारायला आले. त्यांनाही वल्हं दाखवलं.

दुपारच्या भरतीबरोबर ती आली. माझ्याकडं बघितलं, जशी विहीणबाई बघते. पिल्लाला मानेला धरलं नि गेली. कुठं ते मी बघितलंय, पण लिहिणार न्हाय.

डोहाळजेवण काल झालं. सुकट वाढली. विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं, जिताडा कुठं म्हणून विचारलं. म्हटलं, बाळंतिणीला राखलाय. त्यांना वाटलं अमिषाला. वाटू दे. तो शेवटचा जिताडा मी काढला न्हाय, नि आज तलावात तो न्हाय.

गणराज रोज विचारतो, काकी, कुठं गेली? मी सांगितलं, माझ्या बहिणीकडं बोर्लीला, एसटीत मीच बसवून दिली. येईल बॅनर घेऊन. सल्ला तुझा, चहा तूच पाज.

मला विसरू नको, विसरायची हिंमत करू नको.
सत्यवती

बोर्ली पंचतन
३ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
गणराज आला, बॅनरसकट. चहा पाजला. म्हटलं, आली होती, पण इकडचं पाणी मानवलं न्हाय म्हणून परत फिरली नि वाटेत माणगावला उतरली. तो तिकडं गेलाय.

तिचं नि दोन्ही पिल्लांचं बरं चाललंय ना? कुठं ते सांगू नकोस, व्हय की न्हाय एवढंच लिही. आणि अमिषाला बाळंतपणाला घरी आणशील ती मागल्या दारानं आण. गणराजला कळलं तर तिच्या बाळाच्याही बारशाचा मांडव पडेल.

वल्हं दाराशीच ठेव, माया माझ्याकडं पाठव.
तुझी,
गोदू