शिवेची दुसरी फेरी

६ फेब्रुवारी २००९, गडचिरोली
डबा तयार. वरून टिफिन, आतून माझी तीन महिन्यांची अक्कल: जीपीएस, छोटा कॉम्प्युटर, फ्लॅश कार्ड, स्कूटरची बॅटरी. मुलचेऱ्यापलीकडच्या बोरमेट्याला वनहक्काच्या दाव्यासाठी गावाच्या जंगलाची शीव मोजून पाहिजे. लोक शिवेवरून चालतील, डबा जागा टिपत जाईल, कार्डावर लिहीत जाईल. संस्थेची जीप चालवणारा अल्ताफ म्हणाला, प्रफुलभाऊ, ऑफिसात विकतचा जीपीएस पडून आहे, सोबत घेऊ का? मी नुसता हसलो. घरच्या जेवणावर कोणी खानावळीचा डबा मागवतं का?
संकल्प: निघण्याआधी पूर्ण टेस्ट.

८ फेब्रुवारी
टेस्टला वेळ झाला नाही. प्रोग्राम मीच लिहिला आहे. स्वतःवर अविश्वास दाखवणं बरं नाही.

९ फेब्रुवारी, बोरमेटा
अख्खं गाव निघालं. पुढे ग्रामसभेचे अध्यक्ष पोचूभाऊ, हातात कुऱ्हाड. मागे बाया, शिदोऱ्या, दोन कुत्री. मध्ये सोनीबाई. वय सत्तरीच्या पुढे, पण शीव तिच्याच तोंडी पाठ. डब्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. मी सांगितलं, दिवा लुकलुकला की समजा तुमचं जंगल लिहिलं गेलं. सोनीबाईनं दिव्याला हात जोडले. मी नमस्कार स्वीकारला. अर्थात विज्ञानाच्या वतीनं.

११ फेब्रुवारी
फेरी पूर्ण. पायाला फोड. नाल्यापलीकडचा तुकडा मी चाललो नाही. डबा पोचूभाऊंच्या गळ्यात अडकवला आणि सावलीत बसलो. मोजणाऱ्यानं फार मध्ये मध्ये करू नये. संध्याकाळी सोनीबाईनं एरंडाचं पान तापवून पायाला बांधलं. रोजच्यासारखी वायर ओढून डबा बंद केला.

१३ फेब्रुवारी, गडचिरोली
कार्ड लावलं. फाइल आहे. साइज शून्य.
दुसऱ्या रीडरमध्ये लावलं. शून्य.
बायकोनं, नूतननं विचारलं, काय झालं? म्हटलं, व्हायरस.

१४ फेब्रुवारी
कारण सापडलं. प्रोग्राम सगळ्या ओळी आधी मेमरीत धरून ठेवतो, फाइल बंद केली की मग कार्डावर उतरवतो. फाइल बंद करायची कमांड मी लिहिली आहे. ती द्यायला बटण बसवलं नाही. म्हणजे दिवसभर गाव चालत होतं आणि संध्याकाळी मी वायर ओढून पुसत होतो. दिवा फक्त बॅटरी चालू आहे एवढंच सांगत होता.
बॅटरीच भिकार होती, हेही नोंदवून ठेवतो.
उद्या पोचूभाऊंना स्पष्ट सांगणार.

१५ फेब्रुवारी
आज रविवार. सुटीच्या दिवशी लोकांना त्रास नको.

२० फेब्रुवारी
पोचूभाऊंचाच फोन, मुलचेऱ्याच्या बूथवरून. नकाशा कधी मिळते? म्हटलं, प्रोसेसिंग चालू आहे. शब्द इतका सहज निघाला की मलाच खरा वाटला. ते म्हणाले, "होऊ दे, घाई नोको करू. तब्येत सांभाळ बाबू."
तब्येतीचं बोलायला नको होतं त्यांनी.

२ मार्च
अल्ताफच्या हाती बोरमेट्याहून कोंबडा आला. जिवंत. नूतन म्हणाली, एवढं काय केलं तुम्ही त्या लोकांचं? मी म्हटलं, आपलं कामच तसं आहे. कोंबडा अंगणात फिरतो, मधूनच थांबून माझ्याकडे बघतो. कापायची हिंमत होत नाही. शरीराला हलका आहार बरा, असं कुठंतरी वाचलं होतं.

७ मार्च
निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे. फार मोठा आधार. पोचूभाऊंना कळवलं, सध्या नकाशे काढता येत नाहीत. असा नियम आहे की नाही, बघायला पाहिजे. बघणार नाही.

१२ मार्च
होळी झाली. विचार केला, लोक तर चाललेच आहेत, मग रेषा काढायला काय हरकत? जुन्या सरकारी नकाशावर आठवून शीव काढायला बसलो. मुद्दाम थोडी वाकडी, कारण खरी माणसं सरळ चालत नाहीत. रेषा छान उतरत होती. नाल्याशी येऊन अडलो. पलीकडे काय आहे मला माहीत नाही. मी सावलीत होतो.
कागद फाडला. खोटं काम माझ्या तत्त्वात बसत नाही.
नूतन मागंच उभी होती. शून्याची फाइल तिनंही पाहिली होती, सगळं समजलं होतं तिला. म्हणाली, "अन् खरं सांगनं? ते बसते का तत्त्वात?"
बायकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत.

१९ मार्च
बटण बसवलं. डबा गळ्यात घालून बाजारात गेलो, कांदे घेऊन आलो. बटण दाबलं. कांद्यांचा अख्खा रस्ता कार्डावर उतरला. जेवण गेलं नाही.

२३ मार्च, बोरमेटा
वाक्य जीपमध्येच पाठ केलं होतं: चूक माझी आहे, तुमची फेरी मी वाया घालवली. मोहाचे दिवस आहेत, लोक पहाटेपासून फुलं वेचून दमून बसले होते. उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडातून निघालं, "वरून आदेश आला आहे. दुसरी फेरी मागितली आहे."
सोनीबाईनं विचारलं, "कोन मांगते?"
म्हटलं, साहेब.
"मोहा वेचाचे दिवस हायेत हे. त्या साहेबाले मोहा मालूम नाई का?"
मी म्हटलं, नसेल.

२५ मार्च
या वेळी माणसं थोडी आली. बाकीचे मोह सोडून येऊ शकत नव्हते. आले त्यांच्या झाडाखालची फुलं गुरं खातात. ऊन डोक्यावर. लोक वाटेनं साहेबाचा उद्धार करत होते. त्याच्या आईबापाचा, त्याच्या शिक्षणाचा. मी गप्प राहिलो तर कोणीतरी म्हणालं, बाबू घाबरते साहेबाले. म्हणून मग मीही दोन शिव्या घातल्या. चांगल्या घातल्या.
संध्याकाळी बटण दाबलं. फाइल भरली.

२६ मार्च
नाल्यापलीकडे गेलो. पलीकडे बांबू आहे, आणि मोहाची मोठमोठी झाडं. उतारावर सोनीबाईचा गुडघा मुरगळला. मी खांदा दिला. खाली बसून ती म्हणाली, "पाय कुजतीन त्या साहेबाचे." मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. फोड फुटले होते. म्हणाली, "तुले बी काऊन फिरवते तो? गरीब पोरगं पाहून?"
मी पाणी आणायला गेलो. बऱ्याच वेळानं आलो.

२७ मार्च, बोरमेटा
शीव पूर्ण. कार्डावर सगळं आहे, तीनदा पाहिलं. आता सांगायला काही हरकत नव्हती. सकाळी लोक जमलेच होते. घसा साफ केला. पोचूभाऊ म्हणाले, "बस बाबू, तुयाच जवळ काम हाये." ग्रामसभेनं ठरवलं आहे की ऐन मोहाच्या दिवसांत गावाला दुसऱ्यांदा जंगल फिरवणाऱ्या साहेबाची कलेक्टरकडे तक्रार करायची. अक्षर माझं चांगलं.
ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'बेजबाबदार' हा शब्द त्यांना सुचत नव्हता, तो मी दिला. सगळ्यांना पसंत पडला. साहेबाचं नाव काय टाकायचं, विचारलं. मी म्हटलं, नाव राहू द्या, 'संबंधित व्यक्ती' पुरेल.
सोनीबाई खाटेवर आहे, गुडघा सुजून भोपळा झाला आहे. अर्ज तिच्याकडे नेला. म्हणाली, वाचून दाखव. पूर्ण वाचून दाखवला. तिनं अंगठा दिला आणि म्हणाली, "आखीन कडक लिवाले पायजे होतं."
मी हो म्हटलं. खाली जागा होती. आणखी एक ओळ वाढवली.