लोणी मी नेलेलं नाही

आदरणीय ॲट्रॅक्टाताईला धाकट्या मॅलकीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डब्लिनची ओल त्यांना सोसवते ना? मी इकडे सुखरूप आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण ताई, खरं सांगू? मी जाम भ्यालोय. दाराला कडी घालून, पडदे ओढून हे पत्र लिहितोय, आणि भर दुपारचे दोन वाजलेत.

आपल्या गावातली विणकराची गवती छपराची झोपडी आता संग्रहालय झालीय आणि ती सांभाळायचं काम डर्व्हला करते, हे तुला ठाऊकच आहे. मंगळवारी मी तिथं गेलो तो झोपडी बघायला नव्हे (ती मी लहानपणीच पाहिलीय, तिच्या छपरावरून पडलोही आहे). मला डर्व्हलाला लग्नाचं विचारायचं होतं. नवा सदरा घातला, वाक्य पाठ केलं आणि एकदाचा आत शिरलो.

आत सात जर्मन पाहुणे, आणि त्यांच्यापुढे डर्व्हला लाकडी पिंपात दांडा खालीवर करत साय घुसळत होती. आता घुसळण चालू असलेल्या घरात पाऊल टाकलं की दांड्याला हात लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, नाहीतर त्या घरच्या लोण्याची बरकत आपल्याबरोबर जाते, हे आईनं आपल्याला कान पिळून शिकवलंय. मी हात पुढे केलाही. पण पिंपावर पाटी! 'वस्तूंना हात लावू नये.' ताई, बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस मी, पाटी दिसली की माझे हात आपोआप खिशात जातात. त्यात डर्व्हला घुसळायची थांबून माझ्याकडेच बघायला लागली. पाठ केलेलं वाक्य साफ विसरलो आणि पळालो. मागच्या दारानं. (हो, आल्या दारानंच जायचं असतं, तेही ठाऊक आहे. आता ओरडू नकोस.)

त्या दिवशी लोणी आलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. काल फिंटनच्या दुकानात लोणी मागितलं तर तो म्हणतो, "तुला कशाला रे विकतचं? डर्व्हलाचं नेलंस ना घरी!" रांगेतल्या बायका हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकही हसली नाही. शेजारची म्हातारी कॉन्सेप्टा तर मला बघून गाय गोठ्यात घेऊन गेली. मी म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. मोठ्यांदा म्हणतो, दोनतीनदा म्हणतो. पण ताई, माझ्या बशीतलं लोणी मी मंगळवारपासून रोज खातोय आणि ते कमीच होत नाही गं! काल रात्री त्याच्यावर पातेलं पालथं घातलं आणि वर बायबल ठेवलं.

लोण्याचं एक वेळ जाऊ दे. डर्व्हलाला वाटलं असेल की मी तिला बघून पळालो, तिला टाळलं. ते मनात आलं की मी उठून कडी लागलीय ना ते पुन्हा बघून येतो.

तुझा,
मॅलकी

ता. क. खरं काम हे, की तू तिला चार ओळी लिही. मॅलकी चोर नाही, भित्रा आहे, एवढंच कळव. आणि हात लिहिता आहे तोवर ते लग्नाचंही तूच विचारून टाक.

पुन्हा ता. क. काही लिहू नकोस! डर्व्हला आत्ता पिंप ढकलगाडीवर घालून दारात आली. "बाहेर ये," म्हणाली, "आणि घुसळ. उद्या शनिवारी शाळेची पोरं यायचीत, त्यांना काय ताक दाखवू?" चाळीस मिनिटं घुसळलं. लोणी आलं, ताई! आनंदाच्या भरात की घाबरून कुणास ठाऊक, मी विचारूनही टाकलं. तिनं शांतपणे दांडा पुसला आणि म्हणाली, "नऊ वर्षं मी वाट बघितली, मॅलकी. आता नऊ दिवस तू बघ." आणि पिंप घेऊन गेली. पाठमोरी होती, हसत होती की नाही ते दिसलं नाही.

ताई, आजवरची भीती म्हणजे काहीच नव्हती. गुडघे कसेही असोत, पत्र मिळताच पहिल्या गाडीनं ये.