उचगावच्या रस्त्याखालची काच

आदरणीय मृत्युंजय दाजी यांस,

उचगावहून मेहुणा बसाप्पाचा शरणु शरणार्थी. अक्काचं बरं असेल, आणि तुमचा रक्तदाब माझ्यावर चिडण्याइतका शाबूत असेल, असं धरून लिहितोय.

दिल्लीच्या साहेबांनी तुमच्या लेकीचं, दानेश्वरीचं, यंत्र नाकारलं, तर पोरीनं निमूट आजऱ्याला येऊन आपल्या काजूच्या कारखान्यात बसायचं, असं तुम्ही मला बजावलंय. ते साहेब काल आमच्या सोप्यात येऊन गेले. काय झालं ते माझ्याकडनंच ऐका. (गंगव्वा सांगती त्यात नवऱ्याची बाजू नसती.)

तर दाजी, आमच्या दारावरनं इंटरनेटची केबल गेलीय, तिच्यात केसाएवढी काचेची तार असती. पोरगी त्यात उजेड सोडती. रस्त्यावर कुणी पाय टाकला की माती हलती, मातीसंगं काच हलती, माघारी येणारा उजेड बदलतो आणि चालणाऱ्याची रेघ पडद्यावर उमटती! (मी तीनतीनदा विचारलं, तिनं न चिडता सांगितलं. तुमच्यावर गेली न्हाय.) इतकी वर्षं पोरगी परदेशात अंधाऱ्या खोल्यांत काय करत होती, ते मला आत्ता कळलं.

आता एवढी नाजूक वस्तू, साहेबांसमोर तिला धक्का नको, म्हणून मी पहाटेच रस्त्याच्या दोन्ही टोकांना बांबू आडवे बांधले. म्हशी मागनं वळवल्या, ट्रॅक्टरवाल्यांशी भांडलो. साहेब बसले, यंत्र चालू झालं, आणि पडदा कोराच्या कोरा. चालायलाच कोण न्हाय तर दिसणार काय, कपाळ? दानेश्वरीनं माझ्याकडं असं बघितलं की मला अक्का आठवली. साहेब घड्याळ बघायला लागले. दाजी, पोरीचं सगळं शिक्षण मी दोन बांबूंनी अडवून ठेवलं होतं.

एवढ्यात पडद्यावर एक बारीक रेघ सरकायला लागली. एक ठिपका ठळक, एक फिका. खिडकीकडं न बघताच दानेश्वरी म्हणाली, "मामी येत्यात. गुडघा दुखतोय त्यांचा." आणि दारात गंगव्वा, शेजारनं मागून आणलेले चांगले कप घेऊन! साहेब उठून उभेच राहिले. खरंच दुखतंय का, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "व्हय की. कुणाला सांगितलं न्हाय." रस्ता एवढा शांत होता म्हणूनच ते लंगडणं इतकं स्वच्छ दिसलं, असं पोरगी नंतर म्हणाली. (हे वाक्य अक्काला मोठ्यानं वाचून दाखवा.) पण दाजी, एका घरात राहून मला जे दिसलं न्हाय, ते मातीखालच्या काचेला कळलं.

मंजुरी मिळाली. गंगव्वाला उद्या डॉक्टरकडं नेतोय.

तुमचा मेहुणा,
बसाप्पा

ता. क. यंत्र आता इथंच राहणार, आणि गंगव्वा पडदा वाचायला शिकलीय. डॉक्टरांनी लावून दिलेलं माझं सकाळचं चालणं केरबाच्या मिसळीपाशी संपतं. तेवढा तुकडा वगळायला पोरीला सांगा. तुमचं ऐकती.

आणखी ता. क. ऐकती म्हणालो खरा, पण दसऱ्यापासून तुम्ही तिच्याशी बोललाय कुठं? काल साहेब गेल्यावरही ती पडद्यापुढं बसून होती. आता कशाला, म्हटलं, तर म्हणाली, "आमच्या आप्पांची चाल मी लगेच ओळखीन." तवा या एकदा. गाडी वेशीपाशीच ठेवा आणि चालत या. बांबू काढलेत.