आणि सहकारी

रवि., ३ ऑगस्ट. ड्युसेलडॉर्फ
अबेनाचा डान्स ग्रुप आज पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये. सगळे वेळेआधी हजर! स्टुडिओ हातचा गेल्यापासून बागेत, गॅरेजात, मिळेल तिथे नाचत होते बिचारे. ब्लॅक डान्सर्स म्हटलं की लोक आधी विचारतात, ढोल फार वाजतात का, आणि मग जागा नाही म्हणतात. अबेनाचा जन्म इथलाच, बॉनचा, तरी हे. हॉल मराठी मंडळाच्या नावावर. माझा कथकचा क्लास सुटला की दुपारभर रिकामाच. अध्यक्ष देशमुखकाका लगेच हो म्हणाले. गणपतीत एक आयटम करायचा, एवढीच अट.

रवि., १०
नाच अबेनाने बसवलाय, तिच्या मैत्रिणीवर. ऑडिशन्स देऊन देऊन ती मैत्रीण थकली आणि तिने नाचच सोडून दिला. मी कथकचा तत्कार, पायांचे बोल, घेऊन त्यात शिरते. आज मध्येच थांबवलं मला. "पाय छान बोलतात तुझे. पण तू ऐकत नाहीस." मला! इतकी वर्षं शिकवतेय मी. फार राग आला. मग पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो आणि तिच्या श्वासावर पाय टाकले. जमलं. नंतर रडू आलं, कशाचं कोण जाणे.

शुक्र., १५
मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपतीचं पत्रक आलं. फोटोत मधोमध अबेना. हौसेने न वाचताच तिला पाठवलं. तिचा लगेच फोन, "यात माझं नाव कुठलं?" वाचायला घेतलं. नाव एकच, माझं. 'सौ. वृषाली कानडे आणि सहकारी.'
सांगावं तर लागलंच.
"गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "नेहमीसारखंच." भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शनि., १६
काकांना फोन. "अगं, पद्धतच आहे ती! आणि त्यांना कुठे मराठी वाचता येतंय?"
"काका, नाच तिचा आहे. आधी तिचं नाव, नाहीतर आयटम रद्द."
तेही तापले. "मग हॉलचंही कमिटीतच बघू. नाटकाच्या तालमींना जागा हवीच आहे."
फोन ठेवला. स्वतःचा अभिमान वाटला.

रवि., १७
उतरला अभिमान. अबेनाला सगळं तोऱ्यात सांगितलं. ती बुटाची नाडी बांधत होती, हात थांबला. "मला विचारलंस?"
मी मान हलवली, नाही.
"हॉल गेला तर आमचा जाईल. तुझा क्लास चालूच राहील. पत्रकावर तू, भांडणातही तूच."
खरं होतं, म्हणून जास्त लागलं. आता काय करू, विचारलं. म्हणाली, "मला कमिटीपुढे ने. मी बोलते."

मंगळ., १९
काकांच्या घरी. काकूंनी चहा दिला, काकांनी मान वर केली नाही. "अहो काका, बैठक जर्मनमध्ये घ्या. ती स्वतः बोलेल."
"मंडळाची बैठक जर्मनमध्ये? उद्या आरतीही जर्मनमध्ये म्हणा!"
मी उठले नाही. काकांचं जर्मन आम्हा सगळ्यांहून सरस, झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात घासूनपुसून घडलेलं. कप खाली ठेवत म्हणाले, "मीटिंगमध्ये माझं काम दुसराच स्वतःच्या नावावर वाचून दाखवायचा, सुरुवातीला." मग, "येऊ दे तिला. शब्द मात्र देत नाही."

गुरु., २१
कमिटीची बैठक झाली, जर्मनमध्येच. अबेना उभी राहिली. बोलायच्या आधीच कुलकर्णी वहिनींनी प्रेमाने विचारलं, "मूळची कुठली गं तू?" इथे हाच प्रश्न रोज ऐकून आम्ही सगळे वैतागतो!
"बॉन," ती म्हणाली.
मग मैत्रिणीबद्दल बोलली, हॉलबद्दल, नावाबद्दल. मध्ये दोनदा अडली. मदतीला जावंसं वाटत होतं. ओठ आवळून बसले. काका खाली बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो." हॉलचं की नावाचं, ते बोलले नाहीत.
ट्रामच्या थांब्यापर्यंत सोबत गेलो.
"रविवारी तालमीला भेटू ना?" मी विचारलं.
"कुठे?" ती म्हणाली.