पाटसच्या बँडनं सरळ वाजवलेलं गाणं

आप्पा, तुमचं ते पॉपचं गाणं कुणा नव्या पोरीनं पुन्हा गायलंय. परवा मुलानं मोबाइलवर ऐकवलं. चांगलं गाते, पण सरळ गाते. तुम्ही तळेगावच्या बाजारातून त्याची कॅसेट आणलीत तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गाणाऱ्याचं नावही पुढं कधी कानावर आलं नाही. मला अजून दिसतं: आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपाशी क्लॅरिनेट घेऊन बसलाय, आणि कॅसेटची फीत एका जागी चावली गेल्यामुळं तिथं सूर दरवेळी मरगळून खाली बसतोय. "आवं, टेप फीत खातोय," आई म्हणते. "तुला काय कळतंय? त्यानं मुद्दाम बशिवलाय सूर," तुम्ही म्हणता. तुमच्या बँडनं तो तसाच उचलला, शिरूरपासून दौंडपर्यंतच्या बँडवाल्यांनी तुमचं ऐकून उचलला, आणि वरातीत नाचणारे त्या जागी उकिडवे बसायला लागले.

माझ्या लग्नात बँड नवरदेवाकडचा, पाटसचा. मारुतीच्या देवळापासून नवरदेवाची मिरवणूक, परण्या, मांडवाकडं निघाला आणि त्यांच्या तरुण मास्तरनं नेमकं तेच गाणं धरलं. त्या जागी नाचणारे सवयीनं खाली बसले, गाणं मात्र थेट पुढं निघून गेलं. मागचे पुढच्यांवर आदळले. तुम्ही फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे होता. मुलीचे बाप आहोत हे विसरून तुम्ही परण्यात घुसलात. "मास्तर, सूर खाल्ला तुमी." त्यानं बँडच्या जीपमधल्या टेपमध्ये त्याच गाण्याची नवी कॅसेट लावली. गाणं सरळच होतं. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला, भटजी घड्याळ बघतायत, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तुमचं तोंड उतरलेलं. मी खिडकीतून बघत होते. सासरच्यांपुढं तुमचं हसं होऊ नये, एवढंच मी देवाकडं मागत होते.

तुम्ही गाणं शेवटपर्यंत ऐकलंत, फेटा सारखा केलात आणि म्हणालात, "गाणाऱ्याचं चुकलंय." धोतराला माती लागलेले माझे चुलत सासरे म्हणाले, "व्हय, आप्पा म्हंत्यात तसंच वाजवा. आमाला बसायची सवय हाय." मास्तरनं आपली क्लॅरिनेट तुमच्या हातात दिली. परण्या पुन्हा मारुतीपर्यंत मागं गेला आणि पहिल्यापासून निघाला.

मुहूर्त टळला म्हणून आई कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. तुम्ही वाजवत होता तोवर मी तुमच्याच घरातली होते, आप्पा. तो परण्या मांडवापर्यंत पोचूच नये, असं मला वाटत होतं.