तिसरा दोर

३ मार्च, सकाळी ७
ह्यांच्यासह बोटीवर मुक्काम सुरू. फ्लॅट वर्षभरासाठी भाड्याने दिला, म्हणजे माघारीचा प्रश्नच मिटला. ही शिडाची बोट धाकट्या भावाची. तो गेल्यावर माझ्याकडे आली. बंदराची अट एकच. महिनाअखेरीपर्यंत धक्क्यावरच्या साहेबांसमोर ती पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत नेऊन परत आणायची. न जमल्यास बोट लिलावात. तीस वर्षे शाळा चालवली, बत्तीस फुटांची बोट ती काय. वेळापत्रक भिंतीवर लावले. भिंत वाकडी आहे.

४ मार्च
बोट दोन दोरांनी धक्क्याला बांधलेली असते. काल सांजेला मागून तिसरा बांधला, पाण्याखालच्या कडीला, ह्यांच्या नजरेस पडू नये असा. भीती नव्हे, शिस्त. दोरात धाकट्याची जुनी लाकडी कप्पी अडकली होती. सुटेना, राहू दिली.

६ मार्च, सायंकाळी ५.४५
तळाशी आवाज. ठक ठक. मग थोडे थांबून, ठक. धाकटा लहानपणापासून दार असेच वाजवायचा. मासा असणार. ह्यांनी तिसरा कप काढून ठेवला आणि म्हणाले, "मेव्हणे आले वाटतं." तो परत फळीवर ठेवायला लावला.

९ मार्च
संडासाचा पंप. ह्यांनी झडप उलटी फिरवली, तासभर फरशी पुसत होतो. सूचना मी स्वच्छ अक्षरात लावल्या होत्या. त्याच उलट्या होत्या असे ह्यांचे म्हणणे. ५.४० ला पुन्हा ठक ठक, ठक. माशाला इतकी शिस्त नसते.

१३ मार्च
बाजूचे रबरी गोळे वर घेतले. किटली बांधली. बादली बांधली. ह्यांची चप्पलसुद्धा बांधली. आवाज आलाच. शेजारच्या बोटीवरचा सुतार म्हणाला, "एकदा बाहेर नेऊन तर आणा, ताई. बोट आहे ती, खोली नव्हे." उद्या नेऊ. आज वारा जास्त.

१४ मार्च
वारा कमी.

१५ मार्च
वारा योग्य होता, पण ह्यांचा गुडघा. हे म्हणतात गुडघा ठीक आहे. मला तो ठीक वाटत नाही.

१८ मार्च
नकाशांच्या खणात माझी पत्रे सापडली. अकरा. दरवर्षी एक. धाकट्याने बोटीवर बोलवायचे, मी लिहायचे: परीक्षा संपल्या की येते. अक्षर उत्तम आहे. पत्रे होती तशी ठेवली. ५.४० ला चहा हातात होता. निवेपर्यंत तसाच होता.

२३ मार्च
ह्यांनी विचारले, आपण इथे बोट शिकायला आलो आहोत की त्याला भेटायला? प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. तिसरा कप आता रोज बाहेर असतो. का, ते कोणी विचारत नाही.

२७ मार्च
चाचणी. साहेब माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. हे सुकाणूवर, हुकूम माझे. पुढचा दोर सोडला, मधला सोडला, इंजिन पूर्ण जोरात. बोट थरथरली, जागची हलली नाही. इंजिनात दोष असल्याचे साहेबांना ठामपणे सांगितले. धक्क्याच्या फळ्या करकरू लागल्या. सुतार तोंड फिरवून हसत होता.

साहेब बोटीच्या मागच्या कडेवरून खाली वाकले. "बाई, हा दोर कोणी बांधला?"

"मी," हे म्हणाले.

छत्तीस वर्षांत ह्यांनी पहिल्यांदाच चुकीचे उत्तर दिले. मी दुरुस्त केले नाही.

साहेबांनी दोर ओढला. कप्पी वर येताना बोटीला आपटली. तोच आवाज. हे तसे बोलून गेले. संध्याकाळची फेरीबोट गेली की तिच्या लाटेने ही आपटत असणार, असे साहेब म्हणाले. दोर सोडून गुंडाळून दिला. "आता शांत झोपा." ३१ ला शेवटची संधी.

२८ मार्च
फेरीबोट गेली. लाट आली. बोट हलली. बाकी काही नाही. ह्यांनी कप भरला होता, तो नंतर समुद्रात ओतला.

२९ मार्च
तसेच. हे म्हणाले, "साहेबांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं." मी म्हटले, कारण कळलेले केव्हाही चांगले. मग बराच वेळ भांडी घासली. भांडी दोनच होती.

३० मार्च, सायंकाळी ५.३०
सराव उत्तम झाला. बोयापर्यंत नेली, वळवली, आणली. हे शीड ओढताना चक्क गुणगुणत होते. उद्या पास, शंका नाही. मागचा दोर पुन्हा बांधला, कप्पीसकट. फक्त आजच्यापुरता. उद्या सकाळी आठवणीने सोडायचा. विसर पडू नये म्हणून इथे लिहून ठेवते.

५.४२
ठक ठक. ठक.

हे हातातला कप पुसायचे थांबले. मी म्हटले, "ये. संपल्या परीक्षा."

३१ मार्च, सकाळी ११
दोन दोर सोडले. इंजिन पूर्ण जोरात. बोट हलली नाही. साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिले, ह्यांनी लाल बोयाकडे. काल लिहून ठेवले होते, वाचायचे राहिले. साहेब कागद भरत आहेत.

लिलाव पंधरा तारखेला. तोवर आम्हाला राहता येईल. आजची धरून पंधरा संध्याकाळी होतात. सुताराकडे चौकशी केली. फेरीबोट रविवारीही असते.