साडेछत्तीस

४ फेब्रुवारी
बाळाच्या काखेतून थर्मामीटर काढला. चौतीस पूर्णांक नऊ. तळपाय बर्फासारखे. बाळासोबत आलेल्या कागदावर प्रसूतिकक्षातून निघतानाचं तापमान — साडेछत्तीस. दहा मिनिटांत दीड अंश गेला कुठे? आमच्या नवजात कक्षातल्या मावशींनी कागद पाहिला. “रोज हेच असतं की, मॅडम.”

५ फेब्रुवारी
तीन महिन्यांचे कागद काढले. दोनशे बारा बाळं. एकशे नव्याण्णव साडेछत्तीस. एवढी शिस्त देवालाही जमत नाही.
कालच्या बाळाला श्वासाचं यंत्र लावावं लागलं.

७ फेब्रुवारी
प्रसूतिकक्षाच्या मुख्य परिचारिकेकडे गेले. पाठीमागे सगळे हवालदार म्हणतात, तोंडावर ताई.
“हात दोन, बाळं तीन. मोजत बसू की पुसू?”
मग आकडा येतो कुठून?
“चौकट रिकामी दिसली की कागद परत येतो. नियम तुमचाच.”
माझाच. गेल्या वर्षी मी काढलेला. आणि दर महिन्याला भिंतीवर ‘नोंदी पूर्ण — १०० टक्के’ लिहिणारीही मीच.

८ फेब्रुवारी
आईला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, “तू आकडा मागितलास, त्यांनी दिला. आता रडतेस कशाला?”
रडत नव्हते.

१० फेब्रुवारी
बाळाऐवजी बाटली घेतली; कोमट पाणी भरलं, ओलसर फडक्यात गुंडाळून प्रसूतिकक्षापासून बाळांच्या वाटेनं निघाले. लिफ्टपाशी सहा मिनिटं. डोक्यावर पंखा. निघताना सदतीस, पोचताना पस्तीस.
मग कोरडं फडकं, आणि बाटली मावशींच्या छातीशी. अर्धा अंशही उतरला नाही. लिफ्टमध्ये लोक बघत होते. मावशी म्हणाल्या, “आता पाजू का हिला?”
चार तारखेच्या बाळाचं श्वासाचं यंत्र आज निघालं. त्याच्या आईचा आवाज आला की मान वळवतं.

१२ फेब्रुवारी
बैठक. माझा नियम मीच मोडीत काढला. मोजलं नसेल तर चौकट रिकामी सोडा. आधी पुसा, कोरड्यात गुंडाळा, छातीशी धरून आणा. मोजायचं ते इथे मोजू.
अधीक्षक म्हणाले, “दहा दिवसांवर तपासणी आली. तोवर थांबलं तर बिघडेल का?”
रोज दोन बाळं येतात. दहा दिवसांत वीस. थांबणार नाही म्हटलं.
“शंभराचे साठ होतील. जाब तुम्हाला विचारतील.”
विचारू देत.
ताई बैठकभर खिडकीबाहेर बघत होत्या. जाताना लिफ्टजवळचा पंखा बंद करून गेल्या, असं मावशी सांगतात.
भिंतीवरचे शंभर टक्के पुसले. डाग राहिलाय.

१३ फेब्रुवारी
सकाळी सात वाजता ताई स्वतः बाळ घेऊन आल्या. छातीशी धरलेलं, डोक्यावर टोपी. कागदावरची चौकट रिकामी.
मी मोजलं. साडेछत्तीस.
विश्वास बसेना. पुन्हा मोजलं. साडेछत्तीस.
लिहिलं.